सही न झालेली किल्ली

ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी वसईला पोलीस निरीक्षक होतो. एका बँकेच्या मॅनेजरचा फोन आला, "साहेब, आमच्या कॅशियरबाई किल्ली घेऊन गायब आहेत."

तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक बाईंकडे, दुसरी तिथल्या अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. बाहेर गिऱ्हाइकांचा आरडाओरडा, आत अधिकारी तावातावाने सांगत होता, "मुद्दाम केलंय, साहेब. गुन्हा दाखल कराच."

गुन्हा म्हणजे निलंबन. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी स्टेशन डायरीला नोंद केली, गुन्हा दाखल करणं थांबवलं आणि महिला हवालदाराला बाईंच्या गावी पाठवलं. बाई सापडल्या इस्पितळात. नवऱ्याला हार्ट अटॅक आलेला. तरी मी त्यांना बँकेत बोलावून घेतलं.

"किल्ली मी काल दुपारीच पाठवली," बाई म्हणाल्या.

"मला मिळाली नाही," अधिकारी म्हणाला.

मी किल्ली रजिस्टर पुढे सरकवलं. "बाई, घेणाऱ्याची सही कुठाय?" माझा आवाज चढला होता.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या, पाचूबंदर कोळीवाड्यातल्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "सायेब, ही दोगं सा म्हयने बोलत नाय. गनपतीच्या रजेवरून वाजलं. बाई चिठ्ठी लिवते, मी याच्या टेबलावर ठेवते. हा वाचत पन नाय, ड्रावरात टाकतो. कालचा लिफाफा पन मीच ठेवला."

मी अधिकाऱ्याला ड्रॉवर उघडायला लावला. आत लिफाफ्यांचा गठ्ठा, एकही फोडलेला नाही. सगळ्यात वरचा जड होता. त्यात किल्ली आणि दोन ओळी: 'यजमानांच्या छातीत दुखतंय, निघते. मॅनेजरसाहेब मीटिंगहून आले की किल्ली त्यांना द्यावी.'

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. सहीशिवाय किल्ली पाठवणं ही बाईंची चूक होतीच. पण ती चोरी नव्हती. तक्रार मागे घेतली गेली. मी बाईंना माझ्या जीपने इस्पितळात परत पाठवलं.

मग तो अधिकारी माझ्या मागे लागला. "साहेब, इस्पितळात तुम्ही सोबत चला ना. तुम्ही समजावलंत तर बाई ऐकतील."

मला संताप आला. "अहो, सहा महिने मावशींना मध्ये घातलंत, आता मला घालताय? एकटे जा. आणि तोंडाने बोला!"

तो गेला. आमची हवालदार बाईंसोबत इस्पितळातच होती, तिने नंतर सांगितलं. तो बाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. मग एवढंच म्हणाला, "बाई, सकाळपासून काही खाल्लंत का?" आणि बाई ढसाढसा रडल्या.

त्यांचे यजमान वाचले. ती दोघं पुढे त्याच शाखेत काम करत राहिली, कुरबुरीही चालू राहिल्या, पण समोरासमोर. मी मात्र त्या दिवशी खजील झालो. आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. इस्पितळातून उठवून आणलेल्या बाईला मी आधी सही विचारली. तिचा नवरा कसा आहे, हे विचारलंच नाही.