मिटलेले डोळे

शेजारच्या अंगणात मालतीवहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहतात. तरुण मुलगा गेला, पण त्यांचा नेम काही चुकला नाही. माझी बायको गेल्यावर त्यांचं पाहून मीही पूजा आणि जप सुरू केला. रोजच्या नेमाने मन सावरतं म्हणतात. माझं काही सावरलं नाही. आज न राहवून मी कुंपणापाशी गेलो आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला तरी शांतता मिळते का हो?"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "शांतता कुठली, भावोजी! डोळे मिटले की समोर तोच दिसतो. म्हणून तर उभी राहते."

मी घरात येऊन देवापुढे बसलो. डोळे घट्ट मिटले. खूप वेळ वाट पाहिली. बायकोचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना.