गप्प बसायला मीच शिकवलं

आरोग्याच्या अभ्यासासाठी गावोगाव जाऊन बायकांशी बोलणाऱ्या नव्या मुलींना मी शिकवते. सल्ला द्यायचा नाही आणि बाई बोलायची थांबली की आपण गप्प बसायचं, हे पहिल्याच दिवशी बजावते.

आज साताऱ्याच्या ऑफिसात त्यांच्यातल्या स्नेहलनं घेतलेल्या पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकलं. रहिमतपूरकडची एक बाई हळूच म्हणते, "छातीत हाताला गाठ लागतीया. मालक मिल्ट्रीत हायत, दिवाळीला येत्यात. तवर थांबलं तर चालंल का गं?"

पुढे नुसता पंख्याचा आवाज. मग स्नेहल, अगदी मी शिकवलंय तसं, "अजून काही सांगावंसं वाटतं का?"

"न्हाई. च्या ठिवू का?"

मुलाखत वीस दिवसांपूर्वीची आहे. नाव, फोन नंबर लिहून घ्यायचा नाही, हा नियमही माझाच. उद्या सकाळी दोघी जाऊन घर शोधू, पण गेलेले वीस दिवस कुठून आणू?

समोर बसलेल्या स्नेहलनं विचारलं, "मॅडम, मी मध्ये एकदाही बोलले नाही. बरोबर केलं ना?"

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?