लोणीहून उसना आणलेला पट्टा

पुण्याहून निघतानाच माझी पाठ धरली होती. माझी धाकटी नणंद मंजू गाडी चालवत होती आणि मी शेजारी फोन धरून बसले होते. आमच्या सोसायटीने यंदा सहलीऐवजी खजिना-शोध काढला होता. आपापल्या गाडीने जुन्नर आणि आंबेगाव तालुके पालथे घालायचे, फोनवर येणारी कोडी सोडवायची, त्यातल्या वस्तू गोळा करायच्या आणि संध्याकाळी डिंभे धरणाजवळच्या हॉटेलात नेऊन मांडायच्या. साठीला आल्यावर हे उपद्व्याप कशाला, असं मी म्हणून पाहिलं. पण मंजूला लग्नातल्या उखाण्यातसुद्धा पहिला नंबर लागतो.

पहिलं कोडं लेण्याद्रीचं. वर चढून जुन्नरचा फोटो काढायचा होता. मी निम्म्या पायऱ्यांवर बसकण मारली आणि समोरच्या शिवनेरीकडे बघत मंजूची पर्स सांभाळली. दुसरं कोडं जेवणाचं निघालं म्हणून जीवात जीव आला. नारायणगावच्या खानावळीत मासवडी (नाव माशाचं, पण वडी बेसनाची आणि आत तीळ-खोबऱ्याचं सारण) आणि नाकातून पाणी काढणारा रस्सा. दिवसभरात मन लावून केलेलं माझं तेवढंच काम.

मंचरहून पारगावकडे वळलो तर पुढे कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. गाडी गोगलगाईसारखी चालली. पुढच्या कोड्यासाठी आम्हाला एक वाढं (उसाचा हिरवा शेंडा, गुरांचा चारा) हवं होतं. उभ्या ट्रॅक्टरवाल्याकडे मागितलं.

"येकच?" तो म्हणाला. "पुन्यात म्हैस बांदली का काय, ताई? मोळी न्या की."

शेवटचं कोडं सर्वांत जास्त गुणांचं होतं: 'बिबट्यापासून वाचवणारा दागिना आणा.' आम्ही दोघी गोंधळलो. लोणीजवळ उत्तर रस्त्याच्या कडेलाच दिसलं. गोठ्यात एक बाई गायींना चारा टाकत होती आणि तिच्या गळ्यात बाहेर टोकं काढलेल्या खिळ्यांचा पट्टा होता. या भागात बिबटे उसातच राहतात. वाकून काम करणाऱ्याची मान धरतात, म्हणून बायाबापड्या असे पट्टे घालतात.

तिचं नाव हिराबाई. मंजूने सरळ मागितलं, "हा आम्हाला आजच्यापुरता द्याल का? आमचा एक खेळ आहे. उद्या पोचता करते."

हिराबाईने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा गोठ्यामागच्या उसाकडे. मग मानेमागची गाठ सोडली. "न्या की. पावणं दारात आल्यावर न्हाई म्हनायचं व्हय? चा तरी घ्या."

चहाला आम्हाला वेळ नव्हता. मला गाडीतून उतरावं लागलं नाही, याचंच बरं वाटलं.

घोडेगावच्या पुढे मंजूने फोटोसाठी पट्टा माझ्या गळ्यात घालायला लावला. मी हसले, फोटो ग्रुपवर गेला. पट्टा काढताना बोटांना आतलं कापड लागलं. खिळ्यांची बुडं टोचू नयेत म्हणून जुन्या लुगड्याची घडी आतून शिवलेली होती. कापड घामाने अजून ओलं होतं.

"मंजू, गाडी फिरव. तिला हा आजच लागणार आहे."

"जास्तीचा असेल म्हणूनच दिला ना तिनं?"

"जास्तीचा कोणी गळ्यात घालून फिरत नाही. संध्याकाळच्या धारेच्या आधी ती गवताला जाईल."

डिंभे आता जवळच होतं. मंजूने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली आणि मग गाडी वळवली. पुन्हा मंचर, पुन्हा त्याच ट्रॉल्या. ऊन उतरत चाललं होतं. आपण पोचू आणि गोठ्यापुढे माणसं गोळा झालेली असतील, असंच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

गोठ्यात हिराबाईचा नवरा एकटाच होता. "ती गेली गवताला," तो म्हणाला. "गाया काय उपाशी ठिवायच्या?"

उसामधल्या अरुंद बांधावरून आम्ही आत गेलो. कुठूनतरी मोठ्याने हिंदी गाणं ऐकू येत होतं. बिबट्याने लांब राहावं म्हणून हिराबाईने कमरेला खोचलेला फोन चालू ठेवला होता. मानेभोवती टॉवेलचा पीळ गुंडाळून ती वाकून गवत कापत होती. ती सरळ उभी राहिली तेव्हा मला रडूच आलं.

"आजच आला व्हय? उद्या म्हनला व्हता ना?"

"चुकलं आमचं," मी म्हणाले. "मागायलाच नको होता."

"आसू द्या. त्यो काय रोज येतोय व्हय?"

तिने गवताचा भारा बांधला. उजेड बराच कमी झाला होता. माझ्या हातातला पट्टा घेऊन तिने तो माझ्याच गळ्यात बांधला. "तुमाला हितली सवय न्हाई. गाडीपातुर राहू द्या."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात उसात काहीतरी सळसळलं. मी गप्प बसले.

पुढे मंजू, मध्ये मी, आणि मागे डोक्यावर भारा घेतलेली हिराबाई. ती सबंध वाट मोठ्याने बोलत होती, पाऊसपाण्याचं, लेकीच्या बाळंतपणाचं. गाडीपाशी तिने माझ्या मानेमागची गाठ सोडली, पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला आणि गोठ्याकडे निघून गेली.

मंचरला मंजूचा फोन वाजायला लागला. आम्ही हजर नसूनही माझ्या त्या हसऱ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मंजूने फोन पालथा ठेवला.

मग तिने विचारलं, "वहिनी, तुम्ही तिला नको का म्हटलं नाही?"

"भ्याले," मी म्हणाले.

एवढी दमले होते, तरी पुण्यापर्यंत माझा डोळा लागला नाही.