ओळखीचा हात

२० डिसेंबर. एस्तेरमावशींची पांढरी साडी इस्त्री करते आहे. उद्या सकाळी ती त्यांना नेसवायची आणि त्याआधी त्यांना अंघोळ घालायची. ते काम माझ्याकडे आलं आहे. मी आजवर कुठल्याही मृत माणसाला हात लावलेला नाही. तळहातांना सारखा घाम येतोय. साडीला डाग नको म्हणून इस्त्री बंद करून लिहायला बसले आहे.

कोलकात्यात आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा आळीपाळीने एकेकाच्या घरी भरते. माझ्या नवऱ्याची, प्रकाशची, बँकेतून इथे बदली झाली, त्यानंतरच्या पहिल्या नाताळात ती आमच्याकडे होती. पाहुणे उपदेशक देव माणूस झाला याचा अर्थ सांगत होते. छान बोलत होते, पण लांबलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तर देव देहात आला म्हणजे नेमकं काय झालं?"

"त्याची नखं वाढायला लागली," कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक ठेंगणी बाई म्हणाली.

सगळे हसले. ती बाई हसली नाही. "हसता काय? मरीयेनं कापलीच असतील ना? एवढ्याशा बोटांची नखं काढताना आईच्या जिवाला कशी धाकधूक होते, विचारा या बायकांना."

चहा होईपर्यंत बाईंनी पर्समधून नेलकटर काढून माझ्या सासूबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. सासूबाई नखांना कुणाला हात लावू देत नसत. त्यांना दिला. त्याच एस्तेरमावशी. मूळच्या नगरच्या, यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावरही हावड्यातच राहिलेल्या.

असं सांगितलं की वाचणाऱ्याला वाटेल, बाई मोठ्या धीराच्या. अजिबात नाही. त्यांच्याइतकं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. पाल, कुत्री, लिफ्ट, रक्त, सगळ्याची भीती. हावड्याहून फेरीबोटीने यायच्या त्या मधल्या खांबाला मिठी मारून, डोळे मिटून. आमच्याकडे पोचल्या की पहिलं वाक्य, "आज बुडालो नाही बाई!" पण आजाऱ्याकडे स्वतः जायच्या. फोनवर प्रार्थना करा म्हटलं तर म्हणायच्या, "करीन की. पण फोनवरून उशी सरळ करता येत नाही."

एकदा लोकलने बजबज गावी एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराकडे गेलो होतो. अंथरुणाला खिळलेला, पाठीला जखमा. वास गल्लीपर्यंत येत होता. दारातच मावशींनी माझं मनगट धरलं.

"रत्ना, मला आत जायची भीती वाटतेय गं."

"मग परत जाऊ. पुढची लोकल मिळेल."

"परत कशी जाऊ? देव काय वरूनच हात हलवून गेला?" असं म्हणून माझं मनगट न सोडता आत शिरल्या. म्हाताऱ्याची सून संकोचाने म्हणाली, "माशीमा, काछे जाबेन ना, गंध." जवळ जाऊ नका, वास येतो. मावशी आपल्या मोडक्या बंगालीत म्हणाल्या, "आमारओ गंध आछे." मलाही वास आहेच. सून हसली आणि तिने पाणी आणून दिलं. परतताना मावशी गाडीच्या खिडकीच्या गजांना तोंड लावून उलटी करत होत्या. मी त्यांची पाठ चोळत होते.

आमच्यात कुणी गेलं की आतलं काम मावशींचं आणि बाहेरचं माझं. मी फोन करायचे, खुर्च्या मागवायचे, दफनभूमीत जाऊन यायचे. त्या दार लावून घेऊन मृताला अंघोळ घालायच्या, कपडे चढवायच्या. "हात वळत नसला तर ओढाताण करू नये. पोलक्याला मागून सरळ कात्री लावावी," हे त्यांनीच मला सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. अशा प्रत्येक कामानंतर आठवडाभर त्या दिवा लावून झोपत.

"एवढं घाबरता तर करता कशाला?" मी विचारलं होतं.

"देवाला अंग घ्यायची लाज वाटली नाही. मग मी कुणाच्या अंगाला नाक का मुरडू? भीती वाटते ती वाटते. ती असू दे बाजूला बसलेली."

गेल्या महिन्यात त्यांचं हृदय थकलं. आमच्या चर्चचे पाळक भेटायला आले आणि म्हणाले, "मावशी, आपण विश्वासणारे. मरणाला काय भ्यायचं?" मावशींनी मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मरणाच्या आदल्या रात्री प्रभूलाही त्या बागेत घाम फुटला होता ना? मग मला का फुटू नये?" मग माझा हात घट्ट धरला. "लेक लांब असते. ती येईपर्यंत मला शवागारात ठेवतील. ठेवू दे. पण तिथल्या लोकांना मला धुऊ देऊ नकोस. परके हात अंगावर फिरतील, या विचाराने मला झोप येत नाही. ओळखीचा हात लागू दे. तू धू."

"मी? मावशी, मला नाही जमायचं."

"जमेल. तू कांदा चिरतानासुद्धा रडत नाहीस."

मी हो म्हटलं. काल दुपारी त्या गेल्या.

आज प्रकाश म्हणाला, "शवागारातले लोक सगळं व्यवस्थित करून देतात. कुणाला कळणारही नाही." खरं आहे, कळणार नाही. मुलीचा, रूथचा, विमानतळावरून फोन आला. ती रडत होती. "ताई, मी बाहेर बसेन. आत यायला सांगू नका." नाही सांगणार. म्हणजे आता मी, आणि मावशींकडे कामाला येणारी मालती. दोनदा शवागाराचा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. साडी घडी करून पिशवीत घातली.

२१ डिसेंबर. सकाळी मावशींना शवागारातून त्यांच्या घरी आणलं. रूथ बाहेरच्या खोलीत बसली. मी दार लावलं. मावशींच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकं ते गार होतं. मालती गारठ्यातून नळाच्या गार पाण्याची बादली भरून घेऊन आली. मी तिला पाणी तापवून आण म्हटलं.

"गरम जल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "दीदी, एखोन आर..." आता त्यांना काय कळणार, असं तिला म्हणायचं होतं.

"आण."

पाणी आल्यावर बाही वर केली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बादलीत बुडवून पाहिलं. जरा जास्तच कढत होतं. गार पाणी मिसळलं, पुन्हा कोपर बुडवलं, आणि मग पहिला तांब्या त्यांच्या पायांवर ओतला.