तीन मिनिटांची वरात

आमचे हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात माझ्या घराचं गोडाऊन झालं. दर बुधवारी नदीकाठी, गंगेवर, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथून हे काही ना काही उचलून आणतात. बिनदांड्याचा तवा, सायकलचा दिवा, एकदा तर दंतवैद्याची जुनी खुर्ची ठरवून आले होते. मी दारात आडवी उभी राहिले म्हणून घर वाचलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी चार सीड्यांचा एक संच आणला. आपले आजोबा तरुण असताना परदेशात लोक ज्या स्विंग संगीतावर नाचायचे, त्यातल्या मोठमोठ्या बँडांची निवडक रेकॉर्डिंगं. खोक्यावर काळापांढरा फोटो होता: वीसेक माणसं कोट घालून, केस चापून बसवून, तीन रांगांत खुर्च्यांवर बसलेली. हातात ट्रंपेटं, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट.

"अगं, खजिना आहे खजिना," हे म्हणाले.

"मग पुरून ठेवा," मी म्हटलं.

माझं डोकं तेव्हा ठिकाणावरच नव्हतं. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यासाठी आई-आप्पा सटाण्याहून आमच्याकडे पाथर्डी फाट्याला राहायला आले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सहा आठवड्यांत गुडघा वाकता झाला पाहिजे. आत्ता चालले नाहीत तर पाय कायमचा कडक राहील, मग कसलं शेत आणि कसलं गाव. आणि आप्पा? ते पलंगावर भिंतीला टेकून बसले ते बसलेच. दोन आठवडे गेले तरी माणूस हलेना.

फिजिओथेरपीवाली मुलगी रोज सकाळी यायची. गोड मुलगी, पण आप्पांपुढे तिचं काही चालेना. "आजोबा, दहा पावलं." आप्पा वॉकर धरून चार टाकायचे आणि पाचव्याला बसायचे.

"पोरी, सगळ्या तालुक्याच्या वराती चाललो मी ह्या पायांनी. माझा कोटा संपला."

ते मात्र खरं होतं. आप्पांनी शेतात कांदा केला आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. तीस वर्षं. कुणाचाच नवरदेव आप्पांच्या क्लॅरिनेटशिवाय घोड्यावर चढत नसे, असं ते स्वतः सांगतात. फक्त त्यांच्या स्वतःच्या लग्नात बँड वाजला नाही. बँड आला होता, पण पंगतीला बसला होता. नवरदेवाचे सगळे दोस्त बँडवाले. ते म्हणाले, आज आम्ही वऱ्हाडी, आज वाद्याला हात लावणार नाही. दुसरा बँड बोलवावा तर त्या दोस्तांचा अपमान. त्यामुळे अख्ख्या गावाची लग्नं वाजवणाऱ्याची बायको मुक्यानेच मांडवात आली. ही गोष्ट माझ्या आईने पन्नास वर्षांत भेटेल त्याला सांगितली आहे. फिजिओच्या मुलीला तर पहिल्याच दिवशी, चहा द्यायच्या आधी.

तर अशात एका सकाळी, फिजिओची मुलगी आलेली असताना, ह्यांनी ती सीडी लावली. मी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत. आधी ट्रंपेटांचा असा काही दणका उडाला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला, तुमच्याकडे काय पडलं का? मी बंद करायला धावले, तर पलंगावरून आप्पांचा आवाज आला.

"हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे?

आप्पा एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलतात. अहिराणी येते ती रागात नाहीतर आनंदात. मला वाटलं, राग. ह्यांनी खोका त्यांच्या हातात दिला. आप्पांनी चष्मा लावून फोटो निरखला आणि एकदम भडकले.

"बसून वाजवतात? अरे, खुर्चीवर बसून? मग वरात पुढे नेतं कोण?"

"आप्पा, ही वरात नाही, हे हॉलमध्ये..." हे समजावायला गेले. पण तेवढ्यात आतून क्लॅरिनेट वर आली आणि आप्पांनी हात वर केला. ऐकता ऐकता आप्पांचा चेहराच बदलला. "लबाड शे!" ते म्हणाले. "श्वास कुठे घेतो ते कळूच देत नाही!" आणि चादरीखाली त्यांचा उजवा पाय, ऑपरेशनचा पाय, ताल धरू लागला. मी फिजिओच्या मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे. आम्ही दोघींनी लगेच नजर दुसरीकडे वळवली, न जाणो, त्यांच्या लक्षात आलं तर थांबवतील.

तेवढ्यात गाणं संपलं.

"संपलं? इतक्यात कसं संपलं? नवरदेव अजून घोड्यावर आहे!"

ह्यांनी सांगितलं की तेव्हाच्या तबकडीवर तीनेक मिनिटांचंच गाणं मावायचं. आप्पांना ते काही पटलं नाही. तीन मिनिटांत तर वरात गल्लीच्या बाहेरसुद्धा निघत नाही, म्हणाले. "परत लावा. आणि तो वॉकर इकडे दे गं, माय. मला बसून काही समजत नाही."

बसून समजत नाही! दोन आठवडे आम्ही हातापाया पडत होतो त्या माणसाला!

त्या दिवसापासून आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून रोज वरात निघू लागली. पलंग म्हणजे नवरदेवाचं घर. फ्रिज म्हणजे मारुतीचं देऊळ, कारण नवरदेव आधी मारुतीला जातो. स्वयंपाकघराचं दार म्हणजे मांडव. आणि वरात म्हटली की थांबे आलेच. प्रत्येक पाहुण्याच्या दारात थांबायचं, तिथे एक कडवं जास्त वाजवायचं, मग पुढे. फिजिओची मुलगी कळवळून सांगायची, "आजोबा, न थांबता चाला."

"थांबनं पडस," आप्पा ठणकावून सांगायचे. थांबावंच लागतं! "नाहीतर लोक रुसतात." फ्रिजपुढे तर ते वॉकर सोडून नमस्कार करायचे. माझा जीव टांगणीला.

हे रिमोट घेऊन मागे. गाणं संपलं की लगेच दाबायचं, नाहीतर बोलणी खायची. मला गंमत वाटायची हो, कबूल करते. खजिना पुरून ठेवा म्हणणारी मी, शाळेच्या रिक्षात तीच धून गुणगुणत होते.

पाचव्या आठवड्यात तर कहर झाला. मी पोळ्या लाटत होते आणि अचानक फिजिओची मुलगी किंचाळली. धावत फ्रिजपाशी जाऊन बघते तर वॉकर तिथे एकटाच उभा आणि आप्पा हॉलच्या मधोमध उलटे चालताहेत! बँडमास्तर वरातीकडे तोंड करून उलटाच चालतो म्हणे. ओठांपुढे बोटं धरलेली, हवेतल्या क्लॅरिनेटची भोकं दाबत, आमच्याकडे बघत मागे मागे. माझ्या हातातलं लाटणं पडलं. "आप्पा! पडाल ना!" मी ओरडले. मग मला रडूच आलं, भीतीने की कशाने कुणास ठाऊक.

"गुडघा बघा, मॅडम," ती मुलगी माझ्या कानात म्हणाली. "गुडघा वाकतोय."

त्यांच्या मागे, मांडवाच्या दारात, आई मेथी निवडत खुर्चीवर बसली होती. आप्पांच्या पोटऱ्या तिच्या गुडघ्यांना टेकल्या तसे ते वळले. समोर आई, मांडीवर मेथी. क्लॅरिनेट ऐन रंगात होती. आप्पा तिथेच उभे राहिले, पाय जुळवून, कोट घातलेल्या माणसासारखे ताठ, आणि पुढे काही हलेनात.

"चला आजोबा, इथे नका थांबू," मुलगी हळूच म्हणाली.

"थांबनं पडस आठे," आप्पा म्हणाले. "नवरी शे."

आईने मान वर केली नाही. मेथीची एकच काडी ती किती तरी वेळ निवडत राहिली. आप्पा तिच्यासमोर बोटं हलवत उभे राहिले, आणि गाणं आपलं नेहमीसारखं तीन मिनिटांत संपलं.

मग आईने पदराने नाक पुसलं.

"पन्नास वर्षांनी वाजवलं, आणि तेही एवढंच?" ती म्हणाली. "जावईबापू, परत लावा."