मिठाच्या गोणीच्या पिशव्या

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझे मलाच कळत नाहीत आणि अक्षर तर कोंबडीने माती उकरावी तसे. चुकांबद्दल क्षमा असावी. पण चांद्याच्या जंगलात आम्ही दगड आणायला गेलो होतो, तो प्रवास विसरण्याआधी लिहून ठेवते.

आम्ही म्हणजे मी आणि हे. हे नागपूरला प्रकाशाचे संशोधन करत. दगडाची भुकटी तारेवर घेऊन ज्योतीत धरायची आणि नळीतून पाहायचे. प्रत्येक धातूची आपली रंगीत रेघ दिसते. यांना एका क्वचित सापडणाऱ्या धातूची तांबडी रेघ हवी होती. ती मिळाली तर शिष्यवृत्ती चालू राहणार, नाहीतर गावच्या शाळेत मास्तरकी. प्रवासाचे नव्वद रुपये यांच्या सरांनी स्वतःच्या पगारातून दिले होते. मला नेले ते यांच्या हिवतापामुळे, स्वयंपाकाला.

चांद्यापर्यंत आगगाडी, तिथून सावलीपर्यंत मोटार. पुढे वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. नळीची पेटी मी मांडीवर घट्ट धरली होती. नावाडी बघत होता.

"बाई, सोनं हाय का जी पेटीत?"

मी मान खाली घातली. हे म्हणाले, "नाही हो. दगड न्यायला आलोय."

"गोटे? नागपुरात गोटे नाई भेटत काय? इथी या म्हणा, फुकट नेऊन टाका समदे."

डोंग्यातले सगळे हसले. मला मात्र वाटले, खरेच नुसते गोटेच नेले तर?

गडचिरोलीहून डोमाजीभाऊंची रेंगी (हलकी बैलगाडी) केली. पळस फुलला होता. चार दिवस टेकड्या फिरलो. हे पापुद्र्यांचे दगड फोडत, मी ते पिशव्यांत भरून चिठ्ठी बांधत असे. पिशव्या मीच शिवल्या होत्या, घरातल्या रिकाम्या गोणीच्या.

मुक्काम एका गोंड म्हातारीच्या पडवीत होता. दुपारी हे तिच्या अंधाऱ्या खोलीत दार लावून दिवा पेटवत. पहिल्या दगडाला पिवळी रेघ. दुसऱ्यालाही. तिसऱ्या दिवशीही पिवळीच, आणि तिच्या झगझगाटात दुसरे काही दिसेना.

"ही मिठातली रेघ," हे म्हणाले. "घामाच्या हातानेसुद्धा येते." हात धुतले, तार धुतली, दिव्याची वात बदलली. पुन्हा पिवळी.

चौथ्या दिवशी यांनी दिवा विझवला आणि म्हणाले, "ज्याला साधे हात नीट धुता येत नाहीत, त्याने संशोधन कशाला करावं?" मी जावा (तांदळाची पातळ पेज) वाढून यांच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी भांडी घासत होते. म्हातारीची बकरी माझ्या पिशव्यांपाशी उभी राहून चाटत होती. हाकलली, तर परत आली. म्हातारी म्हणाली, "मारू नको पोरी. मीठ हाय त्याच्यात. बकरीले समजते."

माझे हात तसेच राखेत राहिले. ती गोण मिठाची होती. एकदा विहिरीवर धुतली होती, मला वाटले झाले.

सांगावे की नाही? पिशव्या गुपचूप जाळून टाकता आल्या असत्या. पण मग हे स्वतःच्याच हातांना दोष देत मास्तर झाले असते. चूल पेटवता पेटवता, मान वर न करता, सांगून टाकले.

हे उठून पिशव्यांपाशी गेले. मग एक पिशवी उचलून तिला जीभ लावली.

"खारट आहे," म्हणाले.

डोमाजीभाऊ बैलांना वैरण टाकत होते. "चार दिस शिकल्याले नाई समजलं, अन् बकरीले समजलं," ते म्हणाले. "घ्या तिलेच नोकरीवर."

हे हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी रेंगी पुन्हा टेकडीकडे वळवली. नवे पापुद्रे पळसाच्या पानांत बांधून आणले. दार लावले. हे किती तरी वेळ नळीला डोळा लावून बसले आणि मग सरकून मला म्हणाले, "ये, बघ." पिवळी होती, पण फिकी. तिच्यापासून लांब, एका बाजूला, बारीक तांबडी रेघ होती, कुंकवाच्या काडीने ओढल्यासारखी.

निघताना म्हातारीने पैसे घेतले नाहीत. पिशव्या तेवढ्या मागून घेतल्या. "जाव्यात बुडवीन," म्हणाली. तिकडे मीठ मिळायला बाजारापर्यंत चालत जावे लागते.

शिष्यवृत्ती चालू राहिली, आणि हे पुढेही त्याच नळीपाशी राहिले. सरांचे पैसे दरमहा दहा-दहा करून दिले. शेवटची नोट द्यायला मी एकटीच गेले, कारण मला सरांना एक गोष्ट सांगायची होती. उंबऱ्याशी उभी राहून बकरीचे सगळे सांगितले. परक्या माणसाशी मी इतके कधी बोलले नव्हते.

सरांनी ऐकून घेतले आणि विचारले,

"आता पिशव्या कशाच्या शिवता?"

"जुन्या धोतराच्या."

"धुऊन?"

"तीन पाण्यांत उकळून."

त्यांनी नोट घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मग फिटले सगळे."