दीपीचा समुद्र आणि सुलोचनाचा तोरा

पावसाळ्याची आगोट, म्हणजे चार महिन्यांचा साठा, भरायला घेतला की आमच्या आळीतल्या बायका दुपारी ओटीवर बसतात. कोण मिरच्यांचे देठ काढतंय, कोण सुकट निवडतंय. हात कामात आणि तोंड मोकळं! मग किस्से साचणार नाहीत तर काय? दुसऱ्या आळ्यांमध्ये सासू-सुनांचे साचतात. आमच्याकडे सध्या फक्त समुद्राचे साचलेत. आता आमचं गाव शहापूरच्या पुढं, भातसा नदीच्या काठी. समुद्र बघायचा तर आधी जीप, मग गाडी, मग परत बस. तरी आळीत दुसरा विषय नाही!

याला कारण माझी शेजारीण सुलोचना. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त कुडाचं कुंपण. आणि सुलोचनाची लेक दीपाली, म्हणजे आमची दीपी.

*

दीपीला नोकरी लागली त्या दिवशी सुलोचना पेढे घेऊन आली.

“मंदे, आमच्या दीपीला समुद्राचं काम लागलं गो!”

“बंदरावर?” मी विचारलं.

“नाय. दिल्लीला.”

“दिल्लीला कुठला समुद्र?”

सुलोचनाने माझ्याकडे असं बघितलं, की मी जशी काही शाळाच बघितली नाही. “समुद्र हिकडंच हाय. त्याचा कागद तिकडं बनतो!”

आणि मला पेढा किती? एक! ही पोर शाळा सुटली की दप्तर माझ्या ओटीवर टाकायची. आई शेतावरून येईस्तोवर माझ्याकडेच जेवायची, माझ्याच मांडीवर झोपायची. तापात तिच्या कपाळावर घड्या कोणी ठेवल्या? पण आता ‘आमची दीपी’. आणि मला पाहुण्यासारखा एक पेढा!

*

दिवाळीला दीपी आली तेव्हा तिनं आम्हाला नीट सांगितलं. देशाचं म्हणे एक धोरण बनतंय. मासे, बंदरं, शेवाळाची शेती, बोटीतून फिरायला येणारी माणसं, या सगळ्यातून कमाई वाढवायची. पण समुद्र ओरबाडायचा नाही. पुढच्या पोरांना पण तो भरलेलाच मिळाला पाहिजे. मला पटलं. पोरगी बोलते छान.

पण सुलोचनाला ते जरा जास्तच पटलं. बाजाराच्या दिवशी सुकी मासळी विकणाऱ्या मावशीसमोर उकिडवी बसून तिनं सुरुवात केली, “एवढे बारके बोंबील धरता कशाला? पिल्लं हायत ती! मोठी होऊ द्यावी. आमची दीपी दिल्लीत हेच लिहिते.”

मावशी शांत होती. म्हणाली, “बरोबर हाय बाय. मग मोठे घे.” आणि भाव सांगितला.

सुलोचनानं भाव ऐकला. मग पिशवी पुढं करून हळूच म्हणाली, “बारकेच घाल. आणि मंदे, दीपीला बोलू नको.”

मी कशाला बोलते! मी फक्त आळीत सांगितलं.

*

एकदा दीपीचा फोटो आला. बोटीत उभी, अंगात ते केशरी जाकीट, मागं निळं पाणी. सुलोचना फोन घेऊन घरोघर फिरली. माझ्याकडे तर दोनदा आली. का, तर पहिल्यांदा माझा चष्मा सापडत नव्हता!

रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना म्हटलं, “त्यात काय एवढं? आपल्या सचिनचा पण हाय की बोटीतला फोटो.” सचिन माझा मुलगा, पडघ्याला गोदामात आहे. पोरगा गुणी, पण गोदामाचा फोटो कोणाला दाखवणार?

हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, “ती जत्रेतली बोट होती. खाली चाकं होती तिला.”

नवरा म्हणून माणसानं जरा तरी आपली बाजू घ्यावी की नाही!

तसा जळका ह्यांचा पण स्वभाव आहेच. भातसानगरला धरणावर नोकरी केली सगळी हयात. एक दिवस सुलोचना कुंपणावरून सांगत होती, धोरणात हे येणार, धोरणात ते येणार. हे आतून ओरडले, “अख्ख्या मुंबईला पाणी आमी पाजलं! आमी कधी धोरण काढलं का?”

*

मग आली खरी बातमी. दीपी स्वतःच मोठ्या मॅडमना घेऊन गावात येणार! डोंगराकडून नदीतून जे जे वाहत जातं ते शेवटी समुद्रातच पोचतं. म्हणून नदीकाठची गावं बघायची, बायकांशी बोलायचं. आणि दुपारचं जेवण आमच्या आळीत.

आळीत म्हणजे कोणाकडे?

मी त्याच दिवशी दीपीला फोन लावला. “दीपी, माझ्याकडे आता नवीन पंखा हाय गो. वारा झकास येतो.”

ती हसली. “काकू, आई म्हणते आपल्याकडेच.”

आपल्याकडेच! फोन ठेवला आणि माझ्या पोटात जी आग पडली ती ताकाने पण विझली नाही. पंधरा पावसाळे जी माझ्याकडे जेवली, तिचे पाहुणे कुंपणाच्या पलीकडे जेवणार, आणि मी काय, वास घेणार?

वर दुसऱ्या दिवशी सुलोचना दारात हजर. “मंदे, तुझी ती नवी स्टीलची ताटं दे गो. दिल्लीची माणसं, माझ्या ताटांना पोचे हायत.”

दिली. काय करणार? शेजार आहे.

पण वाट्या नाही दिल्या!

*

मॅडम यायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीनं घाट साफ करायला काढला. आमच्या घाटावर पिशव्या, बाटल्या, गणपतीचे जुने हार, काय नव्हतं म्हणून सांगू! ग्रामपंचायतीचा शिपाई बाळू, कामाला वाघ. चार माणसं घेऊन त्यानं दुपारपर्यंत घाट असा केला, की दगडावर पापड वाळत घालावेत.

मॅडम आल्या, बघून खूश. दीपी तर फुललीच. पण पोरगी हुशार. इकडं तिकडं बघून तिनं विचारलं, “बाळूदादा, कचरा ठेवला कुठं?”

बाळूनं छाती काढून नदीकडे हात केला. “ताई, टेन्शनच घेऊ नका. पाण्याला ओढ चांगली होती. आतापावेतो समुद्रात गेला आसंल!”

मॅडमना मराठी येत नव्हतं. त्यांनी दीपीला विचारलं, काय म्हणतायत? दीपीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिनं काय भाषांतर केलं ते अजून कोणाला कळलेलं नाही. मी दोनदा विचारलं, सांगत नाही.

*

त्याच दिवशीचं जेवण. मी घाटावरून सरळ घरी आले. बोलावणं होतं, पण गेले नाही. तिकडं सुलोचनाने हायवेवरच्या हॉटेलातून पनीर मागवलेलं. दिल्लीची माणसं म्हणजे पनीरच, असा तिचा हिशेब. मी पुढचं दार लोटून घेतलं आणि चुलीवर तवा ठेवला. कांदा, लसूण, लाल मिरची आणि वर भाजलेला सुका जवळा. आता वारा कुंपणाच्या दिशेनं होता, त्याला मी काय करू?

थोड्या वेळानं मागच्या दारात पावलं वाजली. दीपी! आणि मागं मॅडम.

“काकू, मॅडमचं गाव समुद्रावरचं. वास आला न् त्यांना बसवेना. आई अजून आत साडीच नेसतेय, तिची न् मॅडमची भेट पण झाली नाही.”

उलथनं उगारून मी ओरडले. “आणि तू चिखलाचे पाय घेऊन कुठं चुलीपाशी येतेस? दिल्लीला गेलीस म्हणून काय झालं? आधी पाय धू जा! आणि केस बांध, तव्यात पडतील!”

देशाच्या समुद्राचं धोरण लिहिणारी पोरगी मान खाली घालून मोरीत गेली.

मॅडम खाली पाटावरच बसल्या. मी भाकरी वाढली, जवळा वाढला. पहिला घास घेतला न् त्यांनी डोळे मिटले. मग मोरीकडे बघून हसल्या आणि मला विचारलं, “आप दीपाली की माँ हैं ना?”

मोरीत पाणी वाजत होतं. दीपीला काही ऐकू गेलं नाही. माझ्या हातात उलथनं.

“जी,” मी म्हटलं.

आणि वर बघते तर मागच्या दारात सुलोचना! पाहुणे शोधत आलेली. नवी साडी, अंबाड्यावर गजरा, हातात पनीरचं ताट. कधीपासून उभी होती देव जाणे.

तिनं माझ्याकडे बघितलं. मॅडमच्या ताटाकडे बघितलं. मोरीकडे बघितलं. मग पदर सारखा केला, आत आली आणि ताट खाली ठेवलं.

“नमस्ते मॅडम,” ती म्हणाली. “मैं तो बाजूवाली. पनीर लाई है.”